अनंताचा प्रवासी आणि एल्साबाईंचे घर

चित्रकथा म्हणजे पोरांचा उद्योग, अभ्यास बुडवून करायची गोष्ट, असे आपल्या घराघरांत मानले जाते. आमच्या पिढीने वेताळ आणि मँड्रेकची इंद्रजाल कॉमिक्स शाळेच्या पुस्तकात लपवून वाचली आणि सापडल्यावर वडिलांचा मारही खाल्ला. तेव्हा एका कॉमिक्सवर या पानात एवढा मोठा लेख कशासाठी, असे कोणाला वाटले तर नवल नाही.

कारण असे, की ही चित्रकथा लिहिणाऱ्या माणसाला त्याच्याच देशाच्या लष्कराने पळवून नेले. त्याला चार मुली होत्या. त्या चौघींनाही त्याच राजवटीने संपवले. त्यांतल्या दोघी गरोदर होत्या. त्या दोन बाळांचा शोध आजही चालू आहे. आणि हे सगळे घडण्याच्या जवळजवळ वीस वर्षे आधी या माणसाने जी गोष्ट लिहिली, ती होती जग कोसळल्यावर मागे उरलेल्या मूठभर माणसांची, ज्यांच्या पाठीवर सतत शिकारी आहेत.

देश अर्जेंटिना. मॅराडोना आणि मेस्सीचा देश म्हणून आपल्या पोरांना तो पाठ आहे. लेखकाचे नाव एक्तोर हेर्मान ओएस्तरहेल्ड. जन्म २३ जुलै १९१९, राजधानी ब्यूनस आयर्समध्ये. शिक्षण भूगर्भशास्त्राचे. दगड-मातीच्या शास्त्रात काही वर्षे नोकरीही केली. पण मन रमले ते लहान मुलांच्या गोष्टींत आणि नंतर चित्रकथांत. १९५७ साली त्यांनी भावाबरोबर स्वतःची प्रकाशन संस्था काढली आणि तिच्या 'ओरा सेरो' या साप्ताहिकात ४ सप्टेंबर १९५७ पासून 'एल एतेर्नाउता' सुरू केली. या नावाचा अर्थ अनंतकाळातून फिरणारा, अनंताचा प्रवासी. चित्रे काढली फ्रान्सिस्को सोलानो लोपेझ यांनी. दोन वर्षे, आठवड्याला थोडी थोडी, अशी ती चालली. एकूण पाने साडेतीनशेच्या आसपास. अर्जेंटिनात ४ सप्टेंबर हा दिवस आज चित्रकथेचा दिवस म्हणून पाळला जातो, तो याच मालिकेमुळे.

गोष्टीची सुरुवात अशी. एक चित्रकथा लिहिणारा माणूस रात्री उशिरा आपल्या टेबलाशी बसला आहे. समोरच्या खुर्चीचा आवाज होतो आणि तिच्यात हळूहळू एक माणूस दिसू लागतो. थकलेला, डोळ्यांत पुष्कळ काही पाहिल्याची खूण असलेला. त्याचे नाव हुआन साल्वो. साल्वो म्हणजे त्यांच्या भाषेत सुखरूप, वाचलेला. तो आपली हकिकत सांगू लागतो.

थंडीची रात्र आहे. शहराच्या उपनगरातल्या एका घरात चार मित्र त्रुको नावाचा पत्त्यांचा डाव मांडून बसले आहेत. साल्वोचा ट्रान्सफॉर्मर बनवण्याचा छोटा कारखाना आहे. फावाली कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवतो. म्हातारा पोल्स्की निवृत्त झाला आहे आणि फावल्या वेळात व्हायोलिन बनवतो. चौथा लुकास, बँकेतला कारकून, घरी रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्सची खटपट करणारा. (एखाद्या कथेच्या पहिल्या पानावर आमच्यासारखा फायली उपसणारा माणूस भेटला की बरे वाटते, हे कबूल करतो.) साल्वोची बायको एलेना आणि छोटी मुलगी मार्तिता आतल्या खोलीत आहेत. रेडिओ चालू आहे. एकदम दिवे जातात. बाहेर गाड्या एकमेकींवर आदळल्याचा आवाज येतो आणि मग सगळे गप्प. खिडकीतून पाहतात तर बर्फ पडतो आहे. चमकणारा, शांतपणे पडणारा बर्फ.

आता ब्यूनस आयर्समध्ये बर्फ पडणे ही साधी गोष्ट नव्हे. त्या शहरात १९१८ नंतर बर्फ पडला तो थेट २००७ साली. तेव्हा १९५७ च्या वाचकाला हे दृश्यच चमत्कारिक वाटले असणार. पण खरी भीती पुढच्या चौकटीत आहे. ज्याच्या अंगावर बर्फाचा कण पडला तो जागच्या जागी मेला आहे. रस्त्यावर, गाडीत, दारात, सगळीकडे माणसे पडली आहेत. हे घर वाचले ते केवळ थंडीमुळे दारे-खिडक्या घट्ट लावलेल्या होत्या म्हणून. म्हाताऱ्या पोल्स्कीला आपल्या घरच्यांची आठवण होते. मित्र धरतात, ओढतात, तरी तो दार उघडून धावत सुटतो आणि चार पावलांवर कोसळतो.

उरलेले काय करतात? रडत बसत नाहीत. हिशेब करतात. घरात पाणी किती, खायला किती, फटी कुठे कुठे आहेत, चिंध्या कशाने चिकटवायच्या. मग पाणी न शिरणाऱ्या कापडाचा, अंग पूर्ण झाकणारा कपडा तयार करतात, तोंडाला पाणबुड्याचा मुखवटा लावतात. त्या वेशात साल्वो बाहेर पडतो. मुखवटा घालून बर्फातून एकटा चालणारा हा माणूस म्हणजे अर्जेंटिनाच्या भिंतीभिंतींवर रंगवले गेलेले चित्र. जवळच्या हार्डवेअरच्या दुकानातून तो अवजारे, दोऱ्या, कंदील आणतो, आणि तिथेच त्याला पाब्लो नावाचा एक पोरगा जिवंत सापडतो. त्यालाही घरी आणतात. खाणारे तोंड वाढले, अशी कुरकुर कोणी करीत नाही.

मात्र फावालीला दुसरीच धास्ती आहे. बर्फापेक्षा माणसाची. ज्याच्याकडे असा कपडा आहे, त्याला मारून तो हिसकावणारे निघतील, असे तो बजावतो. त्याचे म्हणणे खोटे नाही. आपल्याकडे पुरात, दंगलीत, दुष्काळात हे ज्यांनी पाहिले त्यांना वेगळे सांगायला नको.

टर्नर फ्रँको

मग लष्कराची उरलीसुरली तुकडी येते, वाचलेल्या माणसांना गोळा करते. हा बर्फ म्हणजे बाहेरच्या ग्रहावरून आलेल्या शत्रूचा हल्ला आहे हे तोवर कळलेले असते. साल्वो बायको-मुलीला घरात ठेवून फावाली आणि पाब्लोबरोबर निघतो. या तुकडीत त्याला भेटतो फ्रँको.

फ्रँको कोण? कारखान्यात लेथवर काम करणारा टर्नर. आमच्या वस्तीत आय.टी.आय. करून टर्नर-फिटर झालेली कितीतरी माणसे आहेत. त्यांच्यापैकी कोणाला जगातल्या गाजलेल्या कथेचा वीर होताना मी तरी दुसरीकडे पाहिले नाही. फ्रँकोला हुद्दा नाही. भाषण येत नाही. पण जिथे अधिकारी गोंधळतात तिथे तो पुढे होतो, जीव धोक्यात घालतो, आणि परत येऊन काही विशेष केले नाही असा वागतो. ही माणसे फुटबॉलच्या रिव्हर प्लेट क्लबच्या मैदानात तळ ठोकतात. राक्षसी किड्यांशी, झाडे-इमारती पाडणाऱ्या हत्तीएवढ्या जनावरांशी लढतात. लढाईच्या जागा कल्पनेतल्या नाहीत. ब्यूनस आयर्सचे खरे चौक, खरे रस्ते, खरी मैदाने आहेत. वाचकाने सकाळी ज्या रस्त्याने कामावर जायचे, त्याच रस्त्यावर संध्याकाळी हातात अंक घेऊन लढाई वाचायची. त्या वेळेपर्यंत असल्या कथांत परग्रहावरचे लोक उतरायचे ते न्यूयॉर्क नाहीतर लंडनवर. जग वाचवायचे तेही तिथल्याच लोकांनी.

वेताळाच्या गोष्टीत वेताळ एकटा असतो. घोड्यावर बसून येतो, ठोसा मारतो, जातो. बाकीचे सगळे त्याची वाट पाहणारे. ओएस्तरहेल्ड यांनी नेमके हेच टाळले. पुढे या कथेचे पुस्तक निघाले तेव्हा त्यांनी प्रस्तावनेत लिहिले आहे की आपल्या कथेतला खरा वीर हा माणसांचा गट आहे, एकट्याने सगळे पार पाडणारा वीर आपल्याला खरा वाटत नाही. लहानपणी वाचलेल्या रॉबिन्सन क्रूसोच्या गोष्टीतून कल्पना सुचली, असेही ते सांगतात. फरक एवढा, की क्रूसोच्या भोवती समुद्र आणि इथे भोवती मरण; क्रूसो एकटा, आणि इथे बायको, मूल, दोस्त सगळे बरोबर.

आता शत्रूबद्दल. कथेचा हा भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून जरा थांबून सांगतो.

किडे लढतात, पण ते आपल्या मर्जीने लढत नाहीत. त्यांच्या शरीरात यंत्र बसवलेले आहे. पकडलेल्या माणसांच्या मानेतही तसलेच यंत्र बसवून त्यांना आपल्याच भाऊबंदांवर सोडले जाते. ही यंत्रे कोण चालवतो? 'हात' नावाचे जीव. दिसायला माणसासारखे, पण हाताला बोटे पुष्कळ. त्या बोटांनी ते कळा दाबतात. वाटते, हाच शत्रू. पण एक 'हात' पकडला जातो आणि तो आपली कहाणी सांगतो. त्यांचाही एक ग्रह होता, शांत आणि सुंदर. तोही जिंकला गेला. जिंकणाऱ्यांनी त्यांच्या शरीरात एक ग्रंथी बसवली, भीतीची ग्रंथी. 'हात' घाबरला की ती ग्रंथी विष सोडते आणि तो मरतो. बंड करायचे तर आधी भीती वाटणार, आणि भीती वाटली की मरण. म्हणजे कोणी सैनिक, कोणी मुकादम, कोणी पहारेकरी, पण सगळे गुलामच. आणि सर्वांच्या वर जे बसले आहेत त्यांना कथेत नावही नाही. त्यांना नुसते 'ते' म्हणतात. साडेतीनशे पानांत 'ते' एकदाही दिसत नाहीत. खालच्या पायरीवरच्याने त्याहून खालच्याला मारायचे, आणि वरच्याने हातही मळू द्यायचा नाही, ही उतरंड आपल्या वाचकांना मी काय समजावून सांगणार!

तो पकडलेला 'हात' मरायला टेकलेला असताना त्याची नजर स्वयंपाकघरातल्या कॉफीच्या किटलीवर जाते. किती सुंदर वस्तू आहे, असे तो म्हणतो. एखाद्या कलावंताने घडवलेल्या मूर्तीकडे पाहावे तसा पाहत राहतो. ज्याच्याशी आतापर्यंत लढलो तो असा निघावा, हे पाहून साल्वो आणि सोबती गप्प होतात. मुलांच्या साप्ताहिकात १९५७-५९ साली कोणी हे लिहिले, याचे मला आजही आश्चर्य वाटते.

शेवट सगळा सांगत नाही, वाचणाऱ्याची मजा जाईल. एवढेच सांगतो की बर्फ नसलेल्या सुरक्षित जागा रेडिओवरून जाहीर होतात, तो सापळा निघतो, आणि बायको-मुलीला घेऊन पळताना साल्वो शत्रूच्या यानातल्या कळा दाबतो. तिघे काळाच्या वेगवेगळ्या पोकळ्यांत फेकले जातात. तेव्हापासून तो त्यांना शोधत फिरतो आहे. शोधत शोधतच तो त्या लेखकाच्या खुर्चीत येऊन पोहोचला आहे.

तीनदा लिहिलेली गोष्ट

या कथेला पार्श्वभूमी नव्हती असे नाही. जून १९५५ मध्ये अर्जेंटिनाच्या नौदलाच्या विमानांनी राजधानीच्या मुख्य चौकावर, प्लासा दे मायोवर, बॉम्ब टाकले होते. अध्यक्ष पेरॉन यांना हटवायचे होते, पण तीनशेहून अधिक माणसे मेली. आभाळातून मरण पडते म्हणजे काय, हे त्या शहराला दोन वर्षांपूर्वीच कळले होते. मालिकेत मात्र राजकारणाचे नाव नाही.

प्रकाशन संस्था कर्जात बुडाली. ओएस्तरहेल्ड दुसऱ्यांसाठी लिहीत राहिले. १९६८ साली त्यांनी चे गव्हेरा यांचे चरित्र चित्रकथेत लिहिले. १९६९ साली त्यांनी 'एल एतेर्नाउता' पुन्हा लिहायला घेतली. या वेळी चित्रकार होते आल्बेर्तो ब्रेच्चा, आणि साप्ताहिक होते श्रीमंत, चकचकीत, सिने-नटनट्यांच्या बातम्यांचे. गोष्ट तीच, पण एक बदल मोठा. या वेळी जगातल्या बड्या सत्ता शत्रूशी सौदा करतात आणि स्वतःची सुटका करून घेण्यासाठी सगळा दक्षिण अमेरिका खंड त्याच्या हवाली करतात. चित्रे काळोखी, अंगावर येणारी. साप्ताहिकाने वाचकांची माफी मागितली आणि कथा घाईघाईने गुंडाळली.

तोवर घरातले वारेही बदलले होते. चारही मुली, एस्तेला, दियाना, बेआत्रिस आणि मारिना, कॉलेजच्या वयात राजकारणात ओढल्या गेल्या. घर शहराबाहेर बेक्कार नावाच्या उपनगरात, बागेचे, पुस्तकांनी भरलेले. जवळच ला काव्हा नावाची मोठी झोपडपट्टी. मुली तिथे जाऊन काम करू लागल्या. त्यांच्यामागोमाग, पन्नाशी उलटलेला बापही. पुढे सगळेच मोंतोनेरोस या सशस्त्र संघटनेत गेले. ओएस्तरहेल्ड तिच्या वृत्तपत्रांचे काम पाहत. शस्त्राचा तो मार्ग आम्हाला पटणारा नाही. त्यांच्या पत्नी एल्साबाईंनाही तो पटला नव्हता; नवऱ्याशी त्यांचे याच कारणाने बिनसले. पण त्या मार्गाला उत्तर म्हणून राजवटीने जे केले, त्याला कोणत्याही कायद्याच्या राज्यात जागा नाही.

२४ मार्च १९७६ रोजी लष्कराने सत्ता घेतली. माणसे रस्त्यातून, घरातून, कारखान्यातून उचलली जाऊ लागली. ना वॉरंट, ना कोर्ट, ना तुरुंगाच्या नोंदवहीत नाव. डोक्यावर पिशवी घालून गुप्त छावणीत न्यायचे, आणि विचारायला आलेल्या घरच्यांना सांगायचे की आम्हाला माहीत नाही. त्यांना 'बेपत्ता' म्हणण्याची रीत पडली. पुढे लोकशाही आल्यावर १९८४ सालच्या चौकशी आयोगाने ८,९६० बेपत्तांची नोंद केली. मानवी हक्कांच्या संघटना हा आकडा ३०,००० सांगतात.

ओएस्तरहेल्ड भूमिगत झाले. ठिकाणे बदलत, लपतछपत त्यांनी 'एल एतेर्नाउता'चा दुसरा भाग लिहिला. डिसेंबर १९७६ पासून तो 'स्कोर्पियो' मासिकात येऊ लागला. चित्रे पुन्हा सोलानो लोपेझ यांची. या भागात हेर्मान नावाचा लेखक स्वतःच कथेत उतरतो आणि साल्वोबरोबर लढतो. पण साल्वो बदलला आहे. कठोर झाला आहे. लढ्यासाठी तो बायको-मुलीचाही बळी जाऊ देतो. खरे सांगायचे तर हा भाग पहिल्या भागाच्या तोडीचा नाही. चित्रकारालाही त्यातला प्रचार आवडला नव्हता. पहिल्या कथेत एक माणूस घरच्यांना शोधत युगानुयुगे भटकतो, आणि दुसऱ्या भागात तोच त्यांना गमावायला तयार होतो. हे लिहिताना लेखकाच्या घरात काय चालले होते ते पाहिले, म्हणजे ती पाने वाचवत नाहीत.

१९ जून १९७६ रोजी तिसरी मुलगी बेआत्रिस आईला एका हॉटेलात भेटली, बोलली आणि गेली. ती पुन्हा दिसली नाही. काही दिवसांनी तिचे प्रेत एल्साबाईंच्या ताब्यात देण्यात आले. चार मुलींपैकी ही एकच, जिला आईला पुरता आले. त्याच वर्षी दियाना उत्तरेकडच्या तुकुमान प्रांतात बेपत्ता झाली. ती गरोदर होती. तिचा लहान मुलगा नंतर त्याच्या वडिलांच्या आई-वडिलांना मिळाला. २७ एप्रिल १९७७ रोजी ला प्लाता शहरात ओएस्तरहेल्ड यांनाच उचलले. नोव्हेंबर १९७७ मध्ये धाकटी मारिना. ती आठ महिन्यांची गरोदर होती. डिसेंबर १९७७ मध्ये थोरली एस्तेला आणि तिचा नवरा मारले गेले. तीन जावई गेले. थोरली पंचविशीची, धाकटी विशीची.

एस्तेलाचा तीन-चार वर्षांचा मुलगा वाचला. त्याला छावणीत कैदेत असलेल्या आजोबांसमोर नेण्यात आले. त्यानंतर तो आजीकडे पोहोचवला गेला. आजोबांना त्या भेटीतून कळले असेलच, की थोरलीही गेली.

त्याच छावणीतून सुटलेल्या एका कैद्याने चौकशी आयोगापुढे दिलेली साक्ष आहे. १९७७ च्या नाताळची रात्र. पहारेकऱ्यांनी कैद्यांना पाच मिनिटांसाठी डोक्यावरच्या पिशव्या काढू दिल्या, एक सिगारेट ओढू दिली, एकमेकांशी बोलू दिले. ओएस्तरहेल्ड सर्वांत वडील. मार खाऊन खाऊन शरीराची दैना झालेली. त्यांनी परवानगी मागितली, की मला इथल्या प्रत्येकाला शुभेच्छा द्यायच्या आहेत. आणि ते एकेकाजवळ जाऊन, एकालाही न वगळता, हात हातात घेत फिरले.

त्यांचे प्रेत कधी मिळाले नाही. मासिकात मात्र त्यांची कथा १९७८ पर्यंत छापून येत राहिली. चित्रकार सोलानो लोपेझ यांच्या मुलालाही अटक झाली होती. त्याला सोडवून ते त्याच्यासह स्पेनला निघून गेले. आणि जून १९७८ मध्ये, ज्या रिव्हर प्लेट मैदानात साल्वो आणि फ्रँको यांनी तळ ठोकला होता, त्याच मैदानात फुटबॉलच्या विश्वचषकाचा अंतिम सामना झाला. अर्जेंटिना जिंकली. तिथून जवळच नौदलाच्या यंत्रशाळेत छळछावणी होती. गोलाचा जल्लोष आतल्या कैद्यांना ऐकू येत होता.

एल्साबाई

ओएस्तरहेल्ड यांना उचलल्यानंतर बरोबर तीन दिवसांनी, ३० एप्रिल १९७७ रोजी, प्लासा दे मायोवर काही आया प्रथमच एकत्र जमल्या. थांबून राहाल तर जमावबंदी, असे पोलिसांनी म्हटल्यावर त्या चालू लागल्या. चौकात गोल गोल. डोक्याला पांढरे रुमाल. त्याच वर्षी त्यांच्यातल्या काही आज्यांनी वेगळी संघटना केली, कारण नुसत्या मुलीच गेल्या नव्हत्या, त्यांच्या पोटातली बाळेही गेली होती. छावण्यांत बाळंतपणे होत. बाळ लष्करी वा त्यांच्या ओळखीच्या कुटुंबात खोट्या जन्मदाखल्याने दिले जाई आणि आईला नाहीसे केले जाई. अशी सुमारे ५०० बाळे असावीत, असे या आज्यांचे म्हणणे आहे.

एल्साबाई या आज्यांत होत्या. बागेच्या घरात नवरा आणि चार मुली असलेली ही बाई दीड वर्षात एकटी झाली. त्यांनी एस्तेलाच्या मुलाला वाढवले. नवऱ्याच्या कथेची कीर्ती वाढत गेली, लोक मुलाखती घ्यायला येत, आणि त्या दरवेळी चौघी मुलींची नावे घेत. नातवंडे ओळखायची कशी हा प्रश्न होता, कारण मधल्या पिढीचे आई-बाप हयात नाहीत. आज्यांनी शास्त्रज्ञांना गाठले. आजीच्या रक्तावरून नातवाची ओळख पटवण्याची पद्धत निघाली, आणि १९८७ साली कायदा करून सरकारी रक्त-नमुन्यांची बँक स्थापन झाली. बेपत्तांच्या घरच्यांचे नमुने तिथे जपून ठेवले आहेत. म्हणजे आजी वारली तरी शोध थांबत नाही.

बाळे पळवण्याच्या या पद्धतशीर गुन्ह्याबद्दल माजी हुकूमशहा व्हिदेला याला २०१२ साली ५० वर्षांची शिक्षा झाली. २०१३ साली तो तुरुंगात मेला. एल्साबाई जून २०१५ मध्ये, नव्वदीच्या, गेल्या. दियानाचे आणि मारिनाचे बाळ त्यांना पाहायला मिळाले नाही.

३० एप्रिल २०२५ रोजी नेटफ्लिक्सवर 'एल एतेर्नाउता'ची सहा भागांची मालिका आली. साल्वोचे काम रिकार्दो दारिन या त्यांच्या मोठ्या नटाने केले. आजोबांसमोर नेलेला तो मुलगा, आता पन्नाशीचा, या मालिकेचा सल्लागार होता. आपल्याकडच्या तरुण पोरांनीही ती मोबाइलवर पाहिली. आमच्या घरी तर एका रविवारी सगळे भाग संपले आणि सोमवारी या लेखाची फर्माईश झाली. ब्यूनस आयर्सच्या रस्त्यांवर मालिकेची मोठमोठी पोस्टरे लागली तेव्हा त्यांच्याशेजारी बेपत्तांच्या मुलांच्या संघटनेने आपली पोस्टरे चिकटवली. त्यांवर ओएस्तरहेल्ड यांच्या बेपत्ता मुलींची आणि हरवलेल्या नातवंडांची चौकशी होती.

जुलै २०२५ मध्ये आज्यांच्या संघटनेने १४० वा नातू सापडल्याचे जाहीर केले. तो एल्साबाईंचा नव्हता. संघटनेचे आवाहन जुनेच आहे. १९७५ ते १९८० च्या दरम्यान जन्मलेल्या आणि आपल्या जन्माविषयी शंका असलेल्या कोणीही यावे, रक्त द्यावे, नाव गुप्त राहील. दियाना आणि मारिना यांची मुले आज पन्नाशीच्या आसपासची असतील.